मक्याची अ‍ॅलर्जी: कणीस टाळणं सोपं, कॉर्नफ्लोअर शोधणं अवघड

मक्याची अ‍ॅलर्जी आहे असं कळलं की पहिल्या दिवशी कुणी फारसं घाबरत नाही. कणीस खायचं नाही, पॉपकॉर्न खायचं नाही, झालं. मग आठवड्याभरात कुठल्या तरी हॉटेलातल्या टोमॅटो सूपने अंगावर गांधी उठतात आणि लक्षात येतं, की मका आपल्याकडे पांढऱ्या, बिनवासाच्या पिठाच्या रूपात वावरतो आणि तो ओळखू येत नाही. आमच्या धाकट्या मुलीमुळे हे सगळं शिकावं लागलं. नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी ते क्रमाने लिहितो आहे.

आधी निदान पक्कं करून घ्या

मका खाल्ल्यावर पोट जड होणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. मक्याचं साल पचायला कठीण असतं, ते अनेकांना सोसत नाही. खऱ्या अ‍ॅलर्जीत शरीर मक्यातल्या प्रथिनांवर तुटून पडतं. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, उलट्या, खोकला, छातीत घरघर यांतलं काहीतरी होतं. असं घडलं असेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे जा. त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य) चाचणी करतात. पण नुसती चाचणी पॉझिटिव्ह येणं पुरेसं नसतं. काय खाल्लं आणि किती वेळाने काय झालं हा इतिहास तितकाच महत्त्वाचा. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन पाहतात. हे घरी करायचं नाही.

‘दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट’ म्हणून आयजीजी या वेगळ्याच प्रतिद्रव्याची जी पॅकेजं विकतात, त्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढाच बहुतेक वेळा अर्थ असतो. त्या रिपोर्टवर विसंबून तांदूळ, गहू, दूध सगळं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं वजन घटतं, दुसरं काही होत नाही.

चाचणी झाल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच. आमच्या बाबतीत रिअ‍ॅक्शन किती गंभीर होऊ शकते? आणि ग्लुकोजसारखे मक्यापासून काढलेले शुद्ध पदार्थ चालतील का? पुढचं सगळं वेळापत्रक या दोन उत्तरांवर ठरतं. आणखी एक: मक्यातलं एक प्रमुख अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी घडवणारं प्रथिन) उष्णतेला दाद देत नाही आणि पोटातही सहज मोडत नाही. त्यामुळे ‘भाजून दिलं तर चालेल’, ‘चांगलं शिजवलं आहे’ हे आजीचे आग्रह इथे लागू पडत नाहीत.

स्वयंपाकघराच्या आधी औषधाचा डबा

गंभीर रिअ‍ॅक्शनवर औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेट्रिझिनने खाज कमी होते, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही. शिवाय अशा बऱ्याच गोळ्यांत मक्याचा स्टार्च असतो, ही त्यातली गंमत. अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून काही डॉक्टर अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देतात आणि भरायचं कसं ते शिकवतात. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली, किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या तर वाट पाहायची नाही. इंजेक्शन द्या, आडवं झोपवून पाय उंच करा (श्वास लागत असेल तर बसतं ठेवा), १०८ ला फोन करा. रुग्णाला उठवून जिन्याने चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

सगळंच एकदम टाकू नका: तीन थर

इंटरनेटवर मक्यापासून बनणाऱ्या शेकडो पदार्थांच्या याद्या फिरतात. त्या वाचल्या की पाणीसुद्धा प्यावं की नाही अशी शंका येते. अ‍ॅलर्जी प्रथिनाची असते, म्हणून पदार्थात मक्याचं प्रथिन कितपत उरलं आहे हे पाहायचं.

पहिला थर सरळ मक्याचा. कणीस, स्वीटकॉर्न, बेबीकॉर्न, मक्याचं पीठ आणि रवा, लाह्या, कॉर्नफ्लेक्स, नाचोज. यातच कॉर्नफ्लोअर धरा. ते शुद्ध स्टार्च वाटतं, पण त्यात सुमारे ०.३ टक्के प्रथिन राहतं, आणि गंभीर अ‍ॅलर्जीला तेवढं पुरतं. हा थर पूर्ण बंद, पहिल्या दिवसापासून.

दुसरा थर लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, रिफाइंड मकातेल यांचा. यांत प्रथिन जवळजवळ नसतं आणि बहुतेकांना ते चालतात. पण ‘बहुतेकांना’मध्ये तुम्ही आहात का, हे डॉक्टर सांगतील.

तिसरा थर सायट्रिक अ‍ॅसिड, झँथन गम, सॉर्बिटॉल यांचा. हे मक्याच्या साखरेवर प्रक्रिया करून किंवा ती आंबवून बनवता येतात. पहिला थर काटेकोर बंद करूनही त्रास होत राहिला, तरच रोजनिशी ठेवून यांच्याकडे वळा. कोंबडीला मका घालतात म्हणून अंडी सोडण्याची साधारणपणे गरज नसते.

गिरणी

याबद्दल कुणी बोलत नाही. परदेशी माहितीपत्रकांत तर गिरणीचा उल्लेखच नसतो, कारण त्यांच्याकडे पीठ पिशवीतून येतं. आपल्याकडे घरात मक्याचा दाणा नसताना भाकरीतून मका पोटात जाऊ शकतो.

कोपऱ्यावरच्या गिरणीत साधारण गव्हाची चक्की वेगळी आणि मिरची-मसाल्याची वेगळी असते. बाकी सगळं, म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, एकाच चक्कीवर दळलं जातं. नाशिक, जळगाव, जालना या मका पिकणाऱ्या पट्ट्यात तर मक्याचं दळण रोजचं. तुमच्या आधीच्या माणसाने पाच किलो मका दळला असेल, तर दगडाच्या फटींत, खालच्या पन्हाळीत आणि पीठ पडतं त्या कापडी पिशवीत तो बसलेला असतो. गिरणीवाला ‘दोन मुठी टाकून काढतो’ म्हणतो, पण त्याने पिठाचा रंग साफ होतो, मका जात नाही.

तेव्हा एकतर घरघंटी घ्या. खर्च आहे, पण या अ‍ॅलर्जीत माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडणारी खरेदी तीच. जुनी घेतलीत तर आधीच्या घरी मका दळला होता का ते विचारा. घरघंटी शक्य नसेल तर गिरणीवाल्याशी नीट बोला. लाजू नका, ‘पोरीला मका चालत नाही, दवाखान्यात न्यावं लागतं’ इतकं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. सकाळी पहिलं दळण मागून फायदा नाही, कारण आदल्या रात्रीचं शेवटचं काय होतं ते कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा गव्हाच्या चक्कीवर तुमची ज्वारी दळून देईल का विचारा. त्याआधी दोनेक किलो स्वस्त तांदूळ त्याच चक्कीतून काढा आणि ते पीठ घरी आणू नका, तिथेच कुणाला तरी देऊन टाका. पिशवी आपली न्या. आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला दळण आणायला पाठवू नका, कारण गिरणीच्या हवेतही पीठ तरंगत असतं.

तयार पिठांत मल्टिग्रेन आटा बघून घ्या, त्यात बऱ्याचदा मका असतो. बचत गटाच्या थालीपीठ भाजणीत मका असतो की नाही हे करणाऱ्या ताईंना विचारल्याशिवाय कळत नाही. भाजणी घरी करणं सोपं आहे, धान्यं घरात असतातच.

फुटाणे-कुरमुरे विकणाऱ्या भडभुंज्याकडे तीच गोष्ट. एकाच कढईतल्या एकाच तापलेल्या वाळूत हरभरे, शेंगदाणे आणि मक्याच्या लाह्या फुटतात आणि चाळणीही एकच. देवळातल्या प्रसादाच्या पुडीत हेच फुटाणे असतात. प्रसाद नाकारणं जड जातं. हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि घरच्या दुसऱ्या कुणाला द्यावा.

घट्ट कशाने करायचं?

मराठी स्वयंपाकाला मुळात कॉर्नफ्लोअर लागत नाही, ही यातली चांगली बातमी. कढीला आणि अळूच्या फदफद्याला बेसन, रश्श्याला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मसालेभाताला काहीच नाही. अडतं ते सूप, मंचुरियन, कस्टर्ड आणि कुरकुरीत कटलेटपाशी.

दुकानदार पर्याय म्हणून आरारूट पुढे करेल. थांबा. बाजारात आरारूट म्हणून सुटं मिळणारं पांढरं पीठ पुष्कळदा कॉर्नफ्लोअरच असतं. उत्तरेकडे तर दुकानात ‘अरारोट’ मागितलं की सर्रास तेच हातात येतं. घटक न छापलेलं आरारूट घेऊ नका. साबुदाणा दळून वापरावा म्हटलं, तर त्यातही मक्याचा स्टार्च मिसळल्याच्या तक्रारी तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजारात झालेल्या आहेत. म्हणून नावाजलेल्या कंपनीचं, घटक छापलेलं पाकीट घ्या.

मी तांदळावर भरवसा ठेवतो. तांदूळ धुऊन, निथळून, पंख्याखाली सावलीत वाळवायचा आणि मिक्सरवर बारीक दळून वस्त्रगाळ करायचा. मोदकाच्या उकडीसाठी करतो तसाच. एक चमचा कॉर्नफ्लोअरच्या जागी ही पिठी दोन चमचे लागते. गार पाण्यात कालवून सुपात घाला आणि चार-पाच मिनिटं नीट उकळू द्या, नाहीतर कच्चट लागते. बटाट्याचा स्टार्च मिळाला तर तो उलट वागतो: पटकन दाटतो, पण जास्त उकळला की पुन्हा पातळ होतो, म्हणून शेवटी घालून लगेच गॅस बंद करायचा. मंचुरियनच्या गोळ्यांना मैद्यात तांदळाची पिठी चालते, भज्यांच्या बेसनात वाटीभराला चमचाभर घातली की छान कुरकुरीत होतात.

बेकिंग पावडरच्या डब्यात मोकळेपणा राहावा म्हणून स्टार्च घातलेला असतो, बहुधा मक्याचा. घरी करायची तर एक भाग खाण्याचा सोडा आणि दोन भाग क्रीम ऑफ टार्टार, करून लगेच वापरायची. आयसिंग शुगरमध्येही स्टार्च असू शकतो, साखर मिक्सरवर दळून घेतली की प्रश्न मिटतो. कस्टर्ड पावडर तर रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती शोधली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. एकाच्या अ‍ॅलर्जीवरचा उतारा दुसऱ्याच्या मुळावर येतो तो असा. त्याऐवजी दुधात तांदळाची पिठी, केशर-वेलची आणि साखर घालून दाट करा, फळं घाला, मुलं खातात.

पाकिटावर काय वाचायचं

पाकिटावर खाली ठळक अक्षरांत अ‍ॅलर्जीची सूचना असते, ‘कंटेन्स व्हीट, मिल्क, सोय’ अशी. ती वाचून निश्चिंत होऊ नका. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत ज्या आठ गोष्टी ठळक सांगणं बंधनकारक आहे, त्यांत ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखं कवचधारी, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. मका त्यात नाही. अमेरिकेच्या नऊ पदार्थांच्या आणि युरोपच्या चौदा पदार्थांच्या यादीतही नाही. म्हणजे घटकांची बारीक अक्षरांतली पूर्ण यादीच वाचावी लागते, दर वेळी, नेहमीचं पाकीट असलं तरी, कारण कंपन्या न सांगता घटक बदलतात.

मेझ, कॉर्न, मेझ स्टार्च हे शब्द सरळ आहेत. नुसतं ‘स्टार्च’ किंवा ‘एडिबल स्टार्च’ लिहिलं असेल तर मका धरूनच चाला. ‘थिकनर’ किंवा ‘स्टॅबिलायझर’पुढे कंसात आयएनएस (खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) १४०० ते १४५० मधला आकडा दिसला तर तो डेक्स्ट्रिन किंवा बदललेला स्टार्च, तो बटाट्याचा किंवा टॅपिओकाचाही असू शकतो, पण पाकिटावर कळत नाही. १४२२ आणि १४४२ हे सॉस, सूप, फ्लेवर्ड दह्यात वरचेवर भेटतात. तिसऱ्या थरातले आकडे ४१५ (झँथन), ४२० (सॉर्बिटॉल) आणि ३३० (सायट्रिक अ‍ॅसिड). ग्राहक सेवेला ईमेल करून ‘या स्टार्चचा स्रोत कोणता’ विचारा. मोठ्या कंपन्या बहुधा उत्तर देतात, ते जपून ठेवा.

‘ग्लूटेन-फ्री’ बघून हुरळू नका. गहू काढला की त्याची जागा बहुतेक वेळा मकाच घेतो.

बाहेर खाताना

वेटरला ‘मका आहे का?’ विचारलं तर तो नाहीच म्हणतो, आणि ते त्याच्या मते खरंही असतं, कारण कॉर्नफ्लोअर म्हणजे मका हे त्याच्या डोक्यात नसतं. प्रश्न असा विचारा: ‘घट्ट करायला काय घालता? कॉर्नफ्लोअर की आरारूट?’ आणि शक्य असेल तर आचाऱ्यालाच विचारा. दुसरा प्रश्न तेलाचा: ‘ज्या कढईत हे तळता त्यातच कॉर्न पॅटिस, मंचुरियन तळता का?’

चायनीज पूर्ण सोडा. दाट सूप, क्रिस्पी अमुक-तमुक, पंजाबी ग्रेव्ह्या, कोफ्ते संशयास्पद. साधी राइस प्लेट, वरण-भात, पोळी, सुकी भाजी, इडली-सांबार हे त्यातल्या त्यात बरे. भाकरी मात्र गिरणीचा प्रश्न घेऊन येते. लग्नात बुफेची सगळी भांडी उघडी, डाव इकडून तिकडे फिरतात. आम्ही केटररला आदल्या दिवशी फोन करतो आणि डबाही नेतो. लोक बघतात. बघू देत.

मिठाईवाल्याकडची बासुंदी, रबडी, खवा, पनीर यांत स्टार्चची भेसळ असू शकते. घरी आणल्यावर एक सोपी तपासणी करता येते. चमचाभर खवा किंवा कुस्करलेलं पनीर थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. स्टार्च असेल तर निळाजांभळा रंग येतो. तो मक्याचा की बटाट्याचा हे कळत नाही, पण खव्यात कुठलाच असायला नको. तो नमुना फेकून द्या, चाखू नका. बाजारातल्या चिक्कीत गुळासोबत बऱ्याचदा लिक्विड ग्लुकोज असतं. दुसरा थर बंद असेल तर चिक्की घरीच करा, चिकीचा गूळ किराणा दुकानात मिळतो. फरसाणच्या दुकानात मक्याचा चिवडा आणि साधा चिवडा यांत एकच डाव फिरतो, तिथलं सुटं काही नको.

रंगपंचमीला ‘हर्बल’ गुलाल घेताना घटक बघा, त्याचं मूळ पीठ पुष्कळदा मक्याचा स्टार्च असतं आणि तो नाकातोंडात जातोच. टाल्क नसलेली बेबी पावडरही तशीच.

दवाखान्यात

गोळी बांधून ठेवायला मक्याचा स्टार्च ही जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. प्रिस्क्रिप्शन घेतानाच सांगा. लागू असलेलं जरुरीचं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसऱ्या स्वरूपातलं देऊ शकतात. सलाइनमधलं डेक्स्ट्रोज साधारण मक्यापासून येतं, आणि डेक्स्ट्रोज इंजेक्शनच्या माहितीपत्रकांत मक्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल इशारा छापलेला असतो. म्हणून फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘कॉर्न अ‍ॅलर्जी’ लिहून घ्या. पावडर लावलेल्या ग्लव्हजची पावडर म्हणजेही मक्याचा स्टार्च. अमेरिकेने ते २०१७ मध्ये बंद केले, आपल्याकडे दंतवैद्याला विचारून घ्यावं लागतं.

जुलाब झाल्यावर ओआरएसच्या पाकिटातलं ग्लुकोज चालणार नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडं

तिथे भारतापेक्षा जास्त जपावं लागतं. आपल्याकडे कोल्ड्रिंकमध्ये साखर असते, तिथे हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरप. आपल्या मिठात पोटॅशियम आयोडेट असतं, तिथल्या आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडाइड टिकवायला डेक्स्ट्रोज घालतात. डेक्स्ट्रोज बंद असेल तर तिथे साधं, आयोडीन नसलेलं मीठ घ्या आणि आयोडीनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. मेक्सिकन हॉटेलात जाऊच नका. गव्हाची टॉर्टिया मागितली तरी ती मक्याच्याच तव्यावर शेकली जाते. इंडियन स्टोअरमधलं ज्वारीचं पीठ घेताना त्याच गिरणीत मका दळतात का, हे पाकिटावरच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तांदळाची भाकरी करा.